खाड्यांवरील पूल : ऑरेगॉनचा सागरी महामार्ग

(सार्वजनिक बांधकामाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे तो भूगोलाच्या दृष्टीने फार दूरचा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगॉन हे पॅसिफिक महासागराच्या काठावरील एक राज्य. त्याच्या किनाऱ्याने सुमारे साडेतीनशे मैल लांबीचा एक रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस दाट अरण्याने झाकलेले डोंगर, मध्येच समुद्रात घुसलेली खडकाळ भूशिरे, आणि दर थोड्या अंतरावर समुद्रास मिळणारी एखादी नदी व तिची खाडी. हे वर्णन ऐकताना आपल्यापैकी ज्यांचे बालपण रत्नागिरी वा सिंधुदुर्गाकडे गेले असेल त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. सह्याद्रीच्या उतारावरून आलेल्या आपल्या नद्याही अशाच थोडक्या धावेनंतर समुद्रास मिळतात, आणि किनाऱ्याने प्रवास करू पाहणाऱ्यास प्रत्येक खाडी आडवी येते. साम्य येथवरच आहे असे नाही. पुढे ते अधिक गंभीर होत जाते, म्हणूनच हा विषय मी निवडला.

विसाव्या शतकाच्या आरंभी ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर रस्ता असा नव्हताच. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली, टणक वाळू हाच तेथला राजमार्ग. टपालाची घोडागाडी त्या वाळूवरून धावे आणि भरतीची वेळ चुकली तर खोळंबे. १९१३ मध्ये ऑस्वाल्ड वेस्ट नावाच्या राज्यपालांनी एक मोठी चतुराई केली. समुद्रकिनारा खाजगी मालकांच्या हाती जाऊ लागला होता. तो वाचवावा, तर विधिमंडळ सहजी तयार होईना. तेव्हा त्यांनी एक अगदी छोटा कायदा करून घेतला : कोलंबिया नदीपासून कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंतचा सारा सागरतट हा सार्वजनिक महामार्ग आहे. रस्ता म्हटल्यावर कोणाचे काय बिघडणार? कायदा संमत झाला, आणि सारा किनारा जनतेचा राहिला. रस्त्याच्या नावाने किनारा वाचविल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर संरक्षणाच्या दृष्टीने किनाऱ्याने पक्का रस्ता हवा अशी मागणी झाली. १९१९ मध्ये मतदारांनी त्यासाठी पंचवीस लाख डॉलरांच्या कर्जरोख्यांस संमती दिली. अट अशी होती की, केंद्र सरकारने तेवढीच रक्कम घालावी. केंद्राने ती घातली नाही. तरीही १९२१ पासून राज्याने तुकड्या-तुकड्यांनी काम सुरू केले. बेन जोन्स नावाचे एक लोकप्रतिनिधी या रस्त्याचे जनक मानले जातात. १९२७ मध्ये रॉकी क्रीक या ओढ्यावर बांधलेल्या सुंदर कमानदार पुलास त्यांचेच नाव दिलेले आहे.

आता या कथेचे मुख्य पुरुष. कॉन्डे मॅकलो यांचा जन्म १८८७ मध्ये डाकोटा प्रांतात झाला. आयोवा येथील महाविद्यालयातून १९१० मध्ये त्यांनी स्थापत्याची पदवी घेतली, काही काळ पूल बांधणाऱ्या एका खाजगी कंपनीत आणि नंतर आयोवा राज्याच्या महामार्ग आयोगात नोकरी केली. त्या काळी सलोह काँक्रीटच्या कमानींवर डॅनियल ल्यूटन नावाच्या एका अभियंत्याने अनेक पेटंटे मिळविली होती आणि कोणीही काँक्रीटची कमान उभी केली की तो स्वामित्वशुल्काची मागणी करी. या पेटंटांविरुद्ध आयोवाने जो न्यायालयीन झगडा केला त्यात तरुण मॅकलो यांना काम करावे लागले. अभियंत्याला कायदा कळला पाहिजे ही गोष्ट त्यांच्या मनावर बहुधा तेव्हाच ठसली असावी, कारण पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर, राज्याचे पूल-अभियंता म्हणून पूर्ण वेळ काम करीत असताना, त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये त्या विषयाची पदवी मिळविली.

१९१६ मध्ये ते ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि १९१९ मध्ये राज्याच्या महामार्ग विभागात पूल-अभियंता झाले. येताना आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी बरोबर आणले. पुलांचे आराखडे विभागातच तयार व्हावेत, कंपन्यांच्या ठरीव नमुन्यांवर विसंबू नये, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक जागा वेगळी, तेथील पाणी वेगळे, तळ वेगळा; तेव्हा पूलही वेगळा, हे त्यांचे साधे सूत्र.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. मॅकलो यांच्या पुलांची छायाचित्रे पाहिली की मनुष्य प्रथम त्यांच्या सौंदर्याने भारावतो. कमानींच्या लयबद्ध रांगा, पुलाच्या तोंडाशी उभे केलेले निमुळते स्तंभ, गॉथिक धर्तीच्या कमानींची नक्षी असलेले खांब, कठड्यांतील नाजूक गाळ्या, पादचाऱ्याने क्षणभर थांबावे म्हणून केलेले सज्जे. हा मनुष्य सरकारी पैशाने शिल्पे उभारीत होता काय, असा प्रश्न मनात येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९२९ मध्ये मॅकलो यांनी महामार्गावरील पुलांच्या अर्थशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. पूल स्वस्त की महाग हे केवळ पहिल्या खर्चावरून ठरवू नये. त्याचे आयुष्य किती, दर वर्षी दुरुस्तीस काय लागणार, व्याज किती, आणि आयुष्य संपल्यावर नवा उभारण्याची तरतूद कशी, हे सारे एकत्र मांडून मग दोन आराखड्यांची तुलना करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. खाऱ्या हवेत पोलादी पूल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. उलट काँक्रीटच्या कमानीस रंग नको, म्हणून किनाऱ्यावर त्यांनी काँक्रीटला झुकते माप दिले. हा हिशेब त्या काळच्या ज्ञानानुसार चोख होता. तो पुढे कोठे अपुरा पडला ते यथावकाश येईलच.

तांत्रिक बाजू थोडी समजावून घेतली पाहिजे. कमान भार खाली नेते, पण त्याबरोबर आपल्या दोन्ही टोकांना बाहेर रेटते. हा रेटा सोसावयास दोन्ही काठांस खडक हवा. खाडीच्या मुखाशी असते वाळू आणि गाळ. मग काय करावयाचे? धनुष्य आठवा. धनुष्याची दोरी त्याची दोन टोके धरून ठेवते, म्हणून ते सरळ होत नाही. तसेच कमानीच्या दोन्ही पायथ्यांना रस्त्याच्या पातळीवरच एका मजबूत बंधाने जोडले की रेटा त्या बंधातच जिरतो आणि खांबावर केवळ सरळ उभा भार येतो. टिलमूक गावाजवळ विल्सन नदीवर १९३१ मध्ये मॅकलो यांनी सलोह काँक्रीटची अशी प्रत्यंचायुक्त कमान बांधली. अमेरिकेतील ती या प्रकारची पहिली समजली जाते. पूल मोठा नाही. जाताना लक्षातही येणार नाही.

दुसरा प्रयोग याहून धाडसाचा. गोल्ड बीच येथे रोग नदीवर २३० फुटी सात कमानींचा, सुमारे १,९०० फूट लांबीचा पूल १९३२ मध्ये खुला झाला. काँक्रीट सुकताना आकसते, भाराखाली हळूहळू दबते, आणि त्यामुळे कमानीचा माथा खाली बसून तिच्यात नको ते ताण निर्माण होतात. फ्रान्समधील युजीन फ्रेसिने यांनी यावर उपाय काढला होता. कमानीच्या माथ्यावर फट ठेवावयाची, तीत द्रवदाबाचे जॅक बसवून दोन्ही अर्ध एकमेकांपासून दूर रेटावयाचे, कमान आपल्या साच्यापासून अलगद उचलली गेली की फट काँक्रीटने भरून टाकावयाची. भावी आकुंचनाची भरपाई आधीच झालेली असते, म्हणून कमान सडपातळ ठेवता येते. अमेरिकेत ही पद्धती प्रथम येथे वापरली गेली. सामग्री वाचली, परंतु कुशल मजुरीचा आणि देखरेखीचा खर्च वाढल्याने ती तेथे फारशी रुजली नाही. मॅकलो यांनी आपल्या सहकाऱ्यासह या प्रयोगाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोग करणे आणि त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवणे या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या, याचे मला अधिक मोल वाटते.

१९३२ पर्यंत रस्ता जवळजवळ पूर्ण झाला. केप क्रीकच्या घळीत दुमजली कमानींचा पूल उभा राहिला. तो पाहताच रोमन लोकांच्या जलवाहिनीची आठवण होते. मात्र पाच मोठ्या खाड्या राहिल्या : याक्विना, अल्सी, सायुस्लॉ, अम्क्वा आणि कूस. तेथे मोटारी तराफ्यावर चढवून पलीकडे न्याव्या लागत. वादळ आले की वाहतूक बंद. उन्हाळ्यात रांगा. आपल्याकडे रेवस ते रेडी या सागरी मार्गाने जाणाऱ्यास दाभोळ-धोपावे येथे फेरीबोटीत गाडी चढवावी लागते, तिच्या अनुभवावरून या गोष्टीची कल्पना करता येईल. फरक इतकाच की तेथे एकाच प्रवासात असे पाच मुक्काम होते.

आणि नेमके त्याच वेळी महामंदीने सारा देश ग्रासला होता. ऑरेगॉनचे लाकडाचे कारखाने बंद पडले होते. रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी मोठा निधी उभारला, आणि १९३४ च्या आरंभी या पाच पुलांना मंजुरी मिळाली. काही भाग अनुदान, बराचसा भाग कर्ज. एकूण खर्च पन्नास लाख डॉलरांच्या पुढे गेला. मॅकलो आणि त्यांच्या कार्यालयातील मंडळींनी पाचही पुलांचे आराखडे अवघ्या काही महिन्यांत पुरे केले. काम अधिकाधिक लोकांना मिळावे म्हणून निधीच्या नियमांनुसार प्रत्येक मजुरास आठवड्यास तीसच तास काम दिले जाई. परांच्या आणि साचे लाकडाचे. त्यामुळे स्थानिक लाकूडधंद्यासही हातभार लागला. दुष्काळी कामांची परंपरा असलेल्या आपल्या राज्यात ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र दुष्काळी काम म्हणून उभी राहिलेली वस्तू तात्पुरती असली तरी चालेल, हा विचार तेथे कोणी केला नाही.

पाच खाड्या, पाच तऱ्हा. फ्लॉरेन्स येथील सायुस्लॉच्या पुलात मधला गाळा दोन झडपांसारखा वर उघडतो आणि त्याच्या दोन्ही अंगांस प्रत्यंचायुक्त कमानी आहेत. रीड्सपोर्टच्या अम्क्वा पुलात ४३० फुटांचा पोलादी गाळा जहाजास वाट देण्यासाठी आडवा फिरतो. वॉल्डपोर्ट येथील अल्सीचा पूल संपूर्ण काँक्रीटचा, तीन हजार फुटांहून लांब. अनेकांच्या मते पाचांत तोच सर्वांत देखणा. न्यूपोर्टच्या याक्विना पुलास मध्यभागी ६०० फुटांची पोलादी कमान आहे, तिच्या दोन्ही बाजूंस साडेतीनशे फुटांच्या आणखी दोन. खालून मोठी जहाजे जात असल्याने रस्ता उंच न्यावा लागला. कूस खाडीवरचा पूल सर्वांत मोठा, एक मैलाहून किंचित लांब, ५,३०५ फुटांचा. त्याचा मधला पोलादी गाळा ७९३ फुटांचा असून दोन्ही बाजूंस मिळून तेरा काँक्रीटच्या कमानी आहेत. १९३६ मध्ये एकामागून एक हे पाचही पूल खुले झाले.

उद्घाटनांच्या त्या वर्षी मॅकलो स्वतः मात्र मध्य अमेरिकेत होते. १९३५ पासून दोन वर्षे त्यांनी तेथील आंतर-अमेरिकी महामार्गाच्या पुलांचे काम पाहिले. परत आल्यावर त्यांना बढती मिळाली, म्हणजे फाइली वाढल्या आणि आराखडे सुटले. १९४६ मध्ये, साठीही न गाठता, त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी कूस खाडीवरील पुलास त्यांचे नाव देण्यात आले.

या महामार्गावरील अखेरची मोठी उणीव १९६६ मध्ये भरून निघाली. उत्तर टोकाशी कोलंबिया नदीच्या विशाल मुखावर अस्टोरिया येथे चार मैलांहून लांब पोलादी पूल झाला आणि शेवटचा तराफा बंद पडला. त्यावर पथकर होता. तो १९९३ मध्ये उठविण्यात आला. या पुलाविषयी पुष्कळ सांगता येईल, पण माझा ओढा जुन्या पुलांकडे आहे.

आता आपण हिशेबातल्या त्या उणिवेकडे येऊ. काँक्रीटला रंग नको हे खरे. पण त्याच्या पोटात लोखंड आहे. ताज्या काँक्रीटच्या तीव्र अल्कतेमुळे लोखंडी सळईवर एक अदृश्य संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही. समुद्रावरील वाऱ्याबरोबर येणारे क्षार मात्र काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपत राहतात. त्यांतील क्लोराइड सळईपाशी पुरेसे साठले की तो पापुद्रा भेदला जातो. गंजास मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती तो काँक्रीट फोडून मिळवितो. प्रथम केसासारखी भेग, मग तपकिरी ओघळ, मग खपल्या. ओघळ दिसेपर्यंत आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

अल्सीचा पूल याला बळी पडला. दुरुस्तीचा विचार होईतो क्षार सर्वत्र भिनले होते. गावकऱ्यांना तो पाडणे मान्य नव्हते, पण इलाज उरला नव्हता. १९९१ मध्ये शेजारी नवा पूल खुला झाला आणि त्याच वर्षी जुना सुरुंगाने पाडण्यात आला. पंचावन्न वर्षे हे पुलाचे वय काही म्हातारपणाचे नव्हे. तेथे आज एक माहितीकेंद्र आहे. जुन्या पुलाची कथा आता त्यातून सांगितली जाते.

या आघाताने राज्याचा महामार्ग विभाग खडबडून जागा झाला, आणि उरलेल्या पुलांसाठी त्याने जो मार्ग धरला तो आपण लक्षपूर्वक पाहावा. शास्त्रीय परिभाषेत त्यास ऋणाग्र संरक्षण म्हणतात. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. सळईतून इलेक्ट्रॉन सुटतात म्हणून ती झिजते. बाहेरून एकदिश प्रवाह देऊन सळईला सतत ऋणाग्र करून ठेवले की झिजण्याची पाळी दुसऱ्या धातूवर येते. येथे तो धातू म्हणजे जस्त. प्रथम खराब काँक्रीट खरवडून काढतात, उघड्या सळया स्वच्छ करून एकमेकींस जोडतात, नवे काँक्रीट भरतात. मग जस्ताच्या तारा विजेच्या ज्योतीत वितळवून हवेच्या झोताने त्यांचा फवारा साऱ्या पृष्ठभागावर मारतात. जस्ताचा हा पातळ थर आणि आतील सळया यांच्यामधून अगदी क्षीण प्रवाह वाहत ठेवतात. जस्त आपला बळी देते आणि सळई वाचते. पूल लांबून पूर्वीसारखाच, करड्या रंगाचा दिसतो. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत केप क्रीकच्या पुलावर हे मोठ्या प्रमाणात केले गेले, नंतर याक्विना, डेपो बे, रॉकी क्रीक, आणि एकविसाव्या शतकात कूस खाडीचा प्रचंड पूल. काम चालू असताना वारा आणि धूळ अडविण्यासाठी कमानींना बंदिस्त आवरणे घालावी लागतात. हे सारे खर्चाचे आहे यात शंका नाही. त्या विभागाने मॅकलो यांचीच रीत वापरली : नवा पूल, जुना पाडणे आणि पुढील कित्येक वर्षे, या सर्वांचा हिशेब मांडला, आणि जपणूक परवडते असा निष्कर्ष काढला.

मित्रहो, हे आपल्या दारचे दुखणे आहे. गोव्यात पणजी येथे मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. बांधून पंधरा-सोळा वर्षेच झाली होती. तो पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा होता, आणि त्यातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. जाड सळई गंजली तर भेगा आधी इशारा देतात. आवरणनळीत दडलेल्या बारीक तारा तेवढीही सूचना देत नाहीत. त्यानंतर मांडवी ओलांडण्यासाठी लोक पुन्हा फेरीबोटीच्या धक्क्यावर गेले. गंमत अशी की, त्याच पणजीत पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश यांच्या कारकीर्दीत, १६३४ च्या सुमारास बांधलेला रायबंदरचा सेतुमार्ग आजही वाहतूक सोसतो आहे. त्यात लोखंडच नाही, तर गंजणार काय!

आणि २ ऑगस्ट २०१६ ची ती रात्र. महाडजवळ सावित्रीच्या महापुरात १९२८ सालचा कमानदार दगडी पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन बसगाड्या व इतर वाहने. तेथे कारण गंज नव्हते. नदीचा पूर आणि दगडी चिरेबंदीचे वय यांचा तो प्रश्न होता. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला, ही कर्तबगारी निःसंशय मोठी. परंतु बांधण्याच्या या वेगाचे कौतुक करताना जुन्या पुलाच्या पायथ्याशी पाण्याखाली काय चालले आहे हे पाहण्याच्या कामास तेवढेच कौतुक मिळत नाही, आणि मिळणारही नाही. कारण त्या कामाचे उद्घाटन होत नसते. आपल्यापैकी ज्यांच्या वाट्यास पुलांची तपासणी येईल त्यांनी पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची नोंदवही स्वतःच्या हाताने भरावी, मागील वर्षाचा मजकूर उतरवून काढू नये, एवढे मी वडीलकीच्या नात्याने सांगतो. भेग किती लांब, किती रुंद, गेल्या वर्षी किती होती, हे तीन आकडे साऱ्या अहवालाहून अधिक बोलतात.

ऑरेगॉनमधील पुलांची गोष्ट जस्तापाशी संपत नाही. मॅकलो यांच्या काळी तो किनारा भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जाई. त्यांनी वारा, लाटा, प्रवाह आणि गाळ यांचा विचार केला. भूकंपाचा विचार करण्यास त्यांना कारणच नव्हते. १९८० नंतरच्या संशोधनाने चित्र पालटले. त्या किनाऱ्याच्या अदूर समुद्रतळाशी एक भूकवच दुसऱ्याखाली सरकत आहे, आणि २६ जानेवारी १७०० च्या रात्री तेथे सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला होता, हे आता निश्चित झाले आहे. तारीख इतकी अचूक कळली ती जपानमधील जुन्या दप्तरांमुळे. भूकंप न जाणवताच आलेल्या त्सुनामीची नोंद तेथील लोकांनी करून ठेवली होती. असा भूकंप पुन्हा होणार, केव्हा ते सांगता येत नाही. तेव्हा आज तेथील अभियंत्यांपुढे प्रश्न असा आहे की, गंजापासून एवढ्या कष्टाने वाचविलेल्या या कमानी त्या धक्क्यात उभ्या राहतील काय. आणि नसतील, तर त्यांचे रूप न बिघडविता त्यांना बळकटी कशी द्यावी. नाजूक खांबांना जाड आवरण चढविले तर पूल वाचेल, पण तो मॅकलो यांचा राहणार नाही. शेजारी नवा पूल बांधून जुना केवळ पादचाऱ्यांसाठी ठेवावा, हा पर्याय ऐकावयास बरा. पण दोन्ही पुलांची देखभाल कोणत्या अंदाजपत्रकातून करावयाची याचे उत्तर त्यात नाही.

या विषयावर आपल्या काही शंका असतील तर त्यांना मी आता उत्तरे देईन.